जुन्या बाईकचं इंजिन उघडलंय: कुठला पार्ट दुरुस्त करायचा, कुठला बदलायचा?

गाडी धूर मारायला लागते, पिकअप पडतो, ऑइल कमी होतं. मेकॅनिक हेड (इंजिनचं वरचं झाकण) आणि ब्लॉक (ज्याच्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तो भाग) खोलतो, तेलकट पार्ट वर्तमानपत्रावर मांडतो आणि सांगतो, "हाफ इंजिन करावं लागेल," म्हणजे हेड आणि ब्लॉकचं काम. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो पिस्टनवरच्या नुसत्या रिंगा टाका, दुसरा म्हणतो बोअर करा, म्हणजे ब्लॉकची नळी आतून कापा, तिसरा म्हणतो ब्लॉकच नवा घ्या. मालकाला यातलं फारसं कळत नसल्यामुळे तो एकतर सगळ्यांत स्वस्त पर्याय निवडतो, नाहीतर सगळ्यांत महाग. पहिल्यात तेच इंजिन वर्षभरात पुन्हा उघडावं लागतं. दुसऱ्यात कंपनीचा चांगला जुना ब्लॉक भंगारात जातो. दोन्ही टाळता येतं, त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न खर्चाचा विचारू नका. हा पार्ट नेमका कशाने गेला, हे विचारा. इंजिनातले पार्ट मुख्यतः दोन प्रकारे जातात, झिजून किंवा थकून. झिजणं म्हणजे वरचा धातू घासून जाणं. आतला धातू शाबूत असतो, माप तेवढं बदलतं. अशा पार्टचा पृष्ठभाग नव्याने तयार करता येतो: थोडा आणखी धातू काढून, आत नवी स्लीव्ह म्हणजे धातूची नळी बसवून किंवा वरून वेल्डिंगची भर घालून. थकणं वेगळं. बारीक तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती एका क्षणी तुटते, पण आधीच्या वाकण्यांत तिच्यावर काहीच दिसत नाही. कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्हची दांडी, पिस्टनचा स्कर्ट, गिअरचे दात हे पार्ट मिनिटाला हजारो वेळा ताण झेलतात. त्यांच्यावर भेग दिसली किंवा ते वाकले, तर आतलाही धातू गेलेला असतो. तो परत आणता येत नाही. असा पार्ट सरळ करून, वेल्ड करून किंवा घासून परत बसवणारा माणूस कितीही कसबी असला, तरी तो तुमच्या जिवाशी खेळतो आहे.

बाकी बरंचसं ठरवणं याच फरकावरून होतं.

ब्लॉक आणि पिस्टनपासून सुरुवात करू, कारण जास्तीत जास्त गाड्या तिथेच येतात. पण ब्लॉक खोलण्याआधी धूर कधी येतो, ते बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट केली की भक्कन निळा धूर येतो आणि थोड्या वेळात थांबतो, तर ऑइल बहुतेक व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरतं आहे. ते काम हेडपुरतं आहे, ब्लॉकला हात लावायची गरज नाही. चढावर किंवा रेस केल्यावर सतत धूर येत असेल, तर संशय रिंगा आणि बोअरवर घ्या. आणखी एक चाचणी कुठल्याही गॅरेजमध्ये होते. आधी कॉम्प्रेशन म्हणजे ब्लॉकमधला दाब मोजायचा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांकडून होती आणि ऑइलने ती तात्पुरती बुजली. आकडा कमी होता आणि तसाच राहिला, तर बहुधा व्हॉल्व्ह गळतायत. ही सगळी लक्षणं फोर-स्ट्रोकची आहेत. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, तिथे धुरावरून असा निष्कर्ष काढू नका.

आता ब्लॉक. हीरो होंडा स्प्लेंडरचं इंजिन घ्या, कारण महाराष्ट्रात ते माहीत नसलेलं गाव सापडणार नाही. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, एकूण ९७.२ सीसी. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत लोखंडी नळी, म्हणजे लायनर. रिंग या लायनरवर घासते, पण सगळीकडे सारखी नाही. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, तिथे उष्णता आणि दाब सगळ्यांत जास्त आणि ऑइल सगळ्यांत कमी, म्हणून झीजही तिथेच जास्त. शिवाय पिस्टन पुढच्या-मागच्या बाजूला दाबत चालतो, त्यामुळे गोल बोअर हळूहळू अंडाकृती होतो. रिंग जिथपर्यंत पोचते त्याच्या वर मात्र मूळ माप तसंच राहतं आणि तिथे एक काठ तयार होतो. ब्लॉकच्या आत नख फिरवा, वरच्या कडेजवळ ते अडकलं तर तो हाच काठ. अशा ब्लॉकमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या, तर वरची रिंग त्या काठावर आपटते. "रिंगा टाकून बघू" या सल्ल्याचे पैसे बहुतेक वेळा इथेच बुडतात.

नखाने अंदाज येतो, माप येत नाही. माप काढायला फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, पुरतं. जुनी वरची रिंग पिस्टनवरून उतरवा, ब्लॉकमध्ये घाला आणि पिस्टननेच ढकलून सरळ बसवा. आधी अगदी खाली, जिथे रिंगांचा प्रवास पोचत नाही, तिथे तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग रिंग वरच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर खाली आणा आणि पुन्हा मोजा. दोन मापांच्या फरकाला ३.१४ ने भागा. समजा खाली फट ०.३० मिमी आली आणि वर ०.६१. फरक ०.३१, म्हणजे वरच्या बाजूला बोअर ०.१० मिमीने मोठा झाला आहे. या आकाराच्या इंजिनांत साधारण इथेच मर्यादा संपते आणि बोअर करावा लागतो. फरक याच्या निम्म्याहून कमी असेल, ओरखडे नसतील आणि पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचाही ठीक असतील, तर हलकं होनिंग (भिंत दगडाने बारीक घासणं) करून नव्या रिंगा टाकणं पूर्ण योग्य आहे. बोअर किती अंडाकृती झाला, ते मात्र या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी बोअरिंगवाल्याकडचं डायल गेजच लागतं.

बोअर करणं म्हणजे लायनर आतून कापून तो पुन्हा गोल आणि सरळ करायचा आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा पायऱ्यांत येतात. झीज ०.२५ मध्ये निघत असेल तर ०.५० वर उडी मारू नका, कारण प्रत्येक पायरी म्हणजे तुमच्या ब्लॉकचं उरलेलं आयुष्य. बोअर वाढवला की गाडी पळते, असं पुष्कळांना वाटतं. त्याचा हिशोब सोपा आहे. स्प्लेंडर अगदी १.०० ओव्हरसाइजला नेली, म्हणजे बोअर ५१ मिमी केला, तरी ती १०१ सीसीच्या आसपास पोचते. वाढ चार टक्के. गाडी पूर्वीपेक्षा चांगली ओढते ती झीज भरून निघाल्यामुळे, सीसी वाढल्यामुळे नाही.

या कामात एक क्रम कधीही उलटा होऊ देऊ नका. आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग तो बोअरिंगवाल्याच्या हातात द्यायचा. तो पिस्टन मोजतो आणि त्याच पिस्टनला बोअर जुळवतो. पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये काही शतांश मिलिमीटरच फट हवी असते आणि दोन डब्यांतल्या दोन पिस्टनांत तेवढा फरक सहज निघतो. "०.५० चा बोअर करून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" असं कुणी म्हणालं, तर ब्लॉक उचला आणि दुसरीकडे जा. फट कमी ठेवली तर काय होतं? अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, लायनर लोखंडाचा. पहिल्याच मोठ्या घाटात पिस्टन भिंतीला पकडतो आणि इंजिन सीज होतं, म्हणजे जाम होऊन बंद पडतं.

बोअरिंगनंतर होनिंग होतं, त्याच्या तिरप्या बारीक रेघा भिंतीवर दिसायला हव्यात. त्या रेघांत ऑइल थांबतं आणि नव्या रिंगा त्यांच्यावरच बसतात. ब्लॉक घरी किंवा गॅरेजमध्ये आला की तो गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवायचा, पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत. मग लगेच ऑइलचा हात मारायचा. नुसत्या पेट्रोलने धुतलं तर होनिंगची बारीक कुरुंद पूड रेघांमध्ये बसून राहते आणि नव्या रिंगा पहिल्या काही दिवसांतच खाऊन टाकते. इतकं साधं काम, पण घाईत हेच सुटतं.

टू-स्ट्रोकमध्ये ब्लॉकची किंमत वेगळ्या अर्थाने जास्त असते. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिचा ब्लॉक म्हणजे फक्त नळी नाही, आतले पोर्ट, म्हणजे मिश्रण आणि धूर ये-जा करायची भोकं, कुठे, किती उंच आणि कुठल्या कोनात आहेत, यावर गाडीचा सगळा स्वभाव अवलंबून आहे. बाजारात मिळणाऱ्या नव्या लोकल ब्लॉकमध्ये हे पोर्ट मूळ मापाबरहुकूम असतीलच असं नाही. म्हणून आरएक्सचा मूळ ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत वापरावा आणि तोही संपला तर नवीन लायनर टाकून पुन्हा स्टँडर्ड मापावर आणावा, असं माझं ठाम मत आहे. टू-स्ट्रोकचा बोअर केल्यावर पोर्टच्या कडांची धार घासून मोडावी लागते. ती तशीच राहिली तर रिंग तिच्यात अडकून तुटते. बोअरिंगवाला टू-स्ट्रोकची कामं नेहमी करणारा नसेल, तर हे आठवणीने सांगा.

सीज झालेला ब्लॉक बघून घाबरू नका. भिंतीवर दिसणारे चमकदार पट्टे पुष्कळदा वितळून चिकटलेलं पिस्टनचंच अॅल्युमिनियम असतं. ते काढल्यावर खालचा लायनर धड निघतो. सीज का झाली, हे कळल्याशिवाय मात्र नवा पिस्टन बसवू नका. ऑइल पंप कमी देतोय का? कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या मॅनिफोल्डमधून हवा ओढतेय का? क्रँकची ऑइल सील कडक होऊन फाटली आहे का? सीलमधून जास्तीची हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि नवा बोअर जुन्यासारखाच सीज होतो.

आता क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा खालचा भाग. इंजिन खालून टकटक वाजतं, रेस केल्यावर आवाज वाढतो, तेव्हा मेकॅनिक "फुल इंजिन" म्हणतो, म्हणजे खालच्या भागासकट सगळं इंजिन खोलणं. इथे खर्च एकदम वाढतो, म्हणून खात्री करून घ्या. ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड हातात येतो. क्रँक फिरवून रॉड सर्वांत वर आणा, दोन बोटांत धरा आणि सरळ वर-खाली ओढा. अजिबात हलता कामा नये. जरा जरी "टक" लागलं तर बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं, बेअरिंग गेलं. तोच रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकतो, ते ठरवून ठेवलेलं असतं. ही सरक दाखवून कुणी क्रँक गेली म्हणालं, तर वर-खाली हलवून दाखवायला सांगा.

क्रँक दुरुस्त होते आणि चांगली होते. छोट्या बाईकची क्रँक एकसंध नसते. दोन जाड चकत्या, मध्ये पिन, पिनवर रोलर बेअरिंग आणि रॉड, हे सगळं प्रेसमध्ये दाबून बसवलेलं असतं. प्रेसवर ती उघडायची, रॉडचं पूर्ण किट नवं टाकायचं, म्हणजे रॉड, पिन, बेअरिंग, वॉशर, आणि पुन्हा दाबायची. खरी कसोटी नंतर लागते. दोन्ही चकत्या एका रेषेत आहेत का, हे सेंटरवर धरून डायल गेजने बघायचं आणि तांब्याच्या हातोडीचे हलके ठोके देत काही शतांश मिलिमीटरपर्यंत सरळ आणायचं. क्रँक सेट करणारा माणूस डायल न लावता नजरेने सरळ करत असेल, तर ते काम देऊ नका. अशी क्रँक हँडलला मुंग्या आणते आणि नव्या बेअरिंगांचा जीव घेते. रॉड स्वतः मात्र कधीही दुरुस्त करायचा नाही. वाकलेला असेल, तापून निळा पडला असेल, तर तो थकलेला आहे. चकतीतलं पिनचं भोकच सैल झालं असेल, तर सगळी क्रँकच बदला. पिनला वेल्डिंगचे ठिपके मारून चालवणारे आहेत, पण पुन्हा उघडायची वेळ आली की ती क्रँक कुणीच उघडू शकत नाही.

हेडचं काम तुलनेने दिलासा देणारं. व्हॉल्व्ह गळतोय का, ते बघायला हेड पोर्टचं तोंड वर येईल असं धरा, पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओता आणि व्हॉल्व्हच्या कडेने ओल येते का ते पाहा. हलकी गळती असेल तर ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासला की सीट पुन्हा जुळते. गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या, सैल झाले असतील तर हेड तापवून नवे बसवता येतात. टायमिंग चेन तुटून वाकलेला व्हॉल्व्ह, किंवा कड जळून खाच पडलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हे फेकून द्यायचे. व्हॉल्व्हची किंमत बाकी कामाच्या मानाने किरकोळ असते आणि चालत्या इंजिनात त्याचं डोकं तुटलं तर पिस्टन, हेड आणि ब्लॉक तिन्ही एकदम जातात.

प्लगचे आटे गेले म्हणून हेड बदलू नका. स्प्लेंडरचा प्लग १० मिमीचा, हेड मऊ अॅल्युमिनियमचं. गरम इंजिनावर वाकडा प्लग रेटला की आटे येतात बाहेर. त्यावर हेलिकॉइल हा चांगला उपाय आहे. भोकात नव्याने आटे पाडून त्यात स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवतात. हे आटे मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत निघतात. ऑइल ड्रेन बोल्टचे आटे गेल्यावरही हाच उपाय. टेफ्लॉन टेप गुंडाळून रेटलेला बोल्ट एक दिवस रस्त्यावर सुटतो आणि इंजिन कोरडं पडतं.

कॅमशाफ्ट, रॉकर आणि गिअर यांचं उत्तर छोटं आहे: बदला. या पार्टना वरून पातळ कडक थर दिलेला असतो आणि आत मऊ धातू असतो. थरावर खड्डे पडले की खालचा मऊ भाग उघडा पडतो आणि मग झीज झपाट्याने होते. घासून गुळगुळीत केलं तर चार दिवस आवाज बंद होतो, एवढंच. गिअर बदलताना एकमेकांत अडकणारी जोडी एकत्र बदला, नव्या दाताला जुना झिजलेला दात खातो.

क्रँककेसला, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात बसतात त्या पेटीला, मात्र शेवटपर्यंत वाचवण्याचा प्रयत्न करावा. त्याला एक कारण धातूचं आहे, दुसरं कागदाचं. चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होते आणि केसचा तुकडा उडवते, ही जुन्या गाड्यांतली नेहमीची गोष्ट. तिथली फूट आर्गन वेल्डिंगने चांगली भरता येते, पण केस पूर्ण मोकळी करून. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं अॅल्युमिनियम नीट साफ केलं नाही, तर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि महिनाभरात पुन्हा झिरपायला लागतं. एमसील लावून घरापर्यंत यावं, त्यापुढे त्यावर विसंबू नये. भेग बेअरिंगच्या बैठकीतून गेली असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने बैठकच वाकडी होऊ शकते. तिथे वेल्डिंगनंतर बैठक मशीनवर पुन्हा सरळ करणारा कारागीर असेल तरच पुढे जा. बेअरिंगची बैठक सैल झाली की पंचने ठिपके मारून बेअरिंग घट्ट बसवतात. ते ठिपके लवकरच दबतात. बैठक कापून स्लीव्ह टाकणं हे कायमचं काम. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी अशी कामं करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमच्या गावात नसतील तर पार्ट बसने पाठवून करून घेणंही परवडतं.

कागदाचं कारण असं की इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो आणि आरसीवर तोच असतो. १५ वर्षं झालेल्या गाडीचं नूतनीकरण करायला गेलात की आरटीओत चासी आणि इंजिन नंबर जुळवून बघतात. जुन्या मालातून आणलेल्या केसवर दुसऱ्याच गाडीचा नंबर असतो, ती गाडी कुणाची होती हे तुम्हाला माहीत नसतं. केस बदलावीच लागली तर बिल घ्या आणि आरटीओत रीतसर नोंद करा. नंबर घासून स्वतःचा ठोकून घेण्याच्या फंदात अजिबात पडू नका.

पैशांचा विचार करताना एक गोष्ट धरून चाला: इंजिन उतरवण्या-उघडण्याची मजुरी पार्ट बदला किंवा नका बदलू, तेवढीच लागते. त्यामुळे उघडलेल्या इंजिनात गॅस्केट, ऑइल सील, व्हॉल्व्ह सील, सर्क्लिप हे जुने परत बसवणं हा सगळ्यांत महाग पडणारा काटकसरीचा प्रकार आहे. टायमिंग चेन ताणलेली असेल तर तीही याच वेळी. मोठ्या पार्टांचं उत्तर गाडीगणिक बदलतं. स्प्लेंडरचा ब्लॉक-पिस्टन किट तालुक्याच्या दुकानात मिळतो, मग भरवशाचा बोअरिंगवाला जवळ नसेल तर कंपनीचा किट घेणं शहाणपणाचं. आरएक्स, मैसूरची येझदी किंवा राजदूत ३५० असेल, तर गणित उलटतं. त्यांचे कंपनीचे नवे पार्ट मिळणं दुर्मीळ, म्हणून मूळ पार्टमध्ये धातू शिल्लक आहे तोवर तो दुरुस्त करा आणि काढलेला एकही मूळ पार्ट भंगारवाल्याला देऊ नका. जुना मूळ पार्ट आणि नवा लोकल पार्ट यांत निवड आली तर झिजणाऱ्या पार्टसाठी मी जुना मूळ दुरुस्त करून वापरीन. ताण झेलणाऱ्या पार्टसाठी मात्र वापरलेला घेणार नाही, कारण त्याने आधी किती सोसलंय हे वरून दिसत नाही.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना दोन गोष्टी आधीच बोलून ठेवा. बदललेले सगळे जुने पार्ट पिशवीत परत हवेत आणि बोअरिंगवाल्याने पिस्टन, बोअर आणि फट यांची मापं चिठ्ठीवर लिहून द्यावीत. चांगला कारागीर याला कधीच नाही म्हणत नाही.

गाडी हातात आल्यावर पहिले ५०० किमी रिंगा भिंतीवर बसत असतात. या काळात एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नका, वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नका, डबल सीट घाट टाळा. वेग हलकेच वर-खाली करत राहा. गाडी फोर-स्ट्रोक असेल तर पहिलं ऑइल ३०० किमीच्या आसपास काढा आणि ते पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात बघा. अगदी बारीक करडी चमक दिसली तर ती नव्या रिंगांची, काळजीचं कारण नाही. बोटाला कण टोचले किंवा पापुद्रे दिसले, तर गाडी स्टार्ट न करता तशीच मेकॅनिककडे न्या, सोबत ते ऑइलचं भांडंही.